रात्रपाळीची राखण

मैत्रिणींनो, 'अमक्याची मुलगी सायबर सुरक्षा कंपनीत लागली' असं हल्ली आपल्याकडेही कानावर येतं. पुढचा प्रश्न ठरलेला, 'पण रात्रपाळी असते म्हणे!'

असते. कारण चोर सुट्टी बघूनच येतो. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेपर्यंत ९४ कोटी गेले. म्हणूनच या कंपन्यांत चोवीस तास कुणीतरी पडद्यावर नजर ठेवून बसतं. धोक्याचे इशारे सारखे येतात, बरेचसे खोटे. त्यातला खरा ओळखायचा. चूकही महागात पडते. १९ जुलै २०२४ला 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, विमानं खोळंबली.

नर्सची रात्रपाळी आपण मान्य केली, मग हिची का नको? मात्र नोकरी घेताना विचारा, रात्री घरापर्यंत गाडी आहे का? महिन्यात रात्रपाळ्या किती? महिलांसाठी तक्रार समिती आहे ना? २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या कचेरीत ती हवीच. लेकीला अडवण्यापेक्षा कंपनीला प्रश्न विचारलेले बरे, नाही का?