नोंदवहीविना रोपण

फ्रान्समधील ‘पीआयपी’ कंपनी स्तनरोपणाच्या पिशव्यांत वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरत होती. २०१० मध्ये हे उघडकीस आले, तोवर त्या पिशव्या जगभरातील सुमारे तीन लाख स्त्रियांच्या शरीरात पोहोचल्या होत्या. कंपनीचा संस्थापक ज्याँ-क्लोद मास याला पुढे चार वर्षांची कैद झाली. संतापजनक गोष्ट वेगळीच आहे. विक्रीचा दाखला देणाऱ्या संस्थेचे तपासनीस आगाऊ कळवून येत आणि ते येण्याआधी तो माल लपवला जाई.

ही उघड लबाडी होती. पण लबाडी नसली तरी धोका उरतोच. रोपणाभोवती शरीर स्वतःच एक आवरण तयार करते. ते आकसले की स्तन दगडासारखा कडक होतो, दुखतो. पिशवी फाटून जेल बाहेर आले, तरी कित्येकदा बाईला काहीच जाणवत नाही. याच आवरणात क्वचित लसिकापेशींचा कर्करोग उद्भवतो. खरखरीत पृष्ठभागाच्या रोपणांशी त्याचा संबंध स्पष्ट झाल्यावर जुलै २०१९ मध्ये ॲलर्गनला आपली ‘बायोसेल’ रोपणे जगभरातून परत घ्यावी लागली. अमेरिकी औषध प्रशासनाकडे तेव्हा जगभरातील ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यूंची नोंद होती. रोपणानंतर काही वर्षांनी अचानक सूज येणे, हे या कर्करोगाचे नेहमीचे लक्षण. वेळीच ओळखले तर आवरणासह रोपण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात. पण त्यासाठी आपल्या शरीरात कोणते रोपण आहे, हे बाईला ठाऊक हवे.

‘हौस केली, आता भोगा’ असे म्हणणाऱ्यांची आम्हाला चीड येते. कर्करोगात स्तन गमावल्यावर रोपण करून घेणाऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत. आणि हौसेने करून घेतले, म्हणून फसवणूक क्षम्य ठरत नाही.

नोंदवही नसली की काय होते, हे भारताने जॉन्सन अँड जॉन्सनच्या खुब्याच्या सदोष कृत्रिम सांध्यांच्या प्रकरणात पाहिले आहे. सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या; त्यांतील हजारो रुग्णांचा मागच लागला नाही. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्ये स्तनरोपणाची राष्ट्रीय नोंदवही आहे. इथेही प्रत्येक रोपणाचा उत्पादक, प्रकार आणि अनुक्रमांक सरकारी नोंदवहीत चढवणे रुग्णालयांना सक्तीचे करावे. तीच माहिती छापील कार्डावर, मराठीत, रुग्णाच्या हाती द्यावी. रोपण जन्मभर टिकत नाही, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, हे शल्यविशारदाने संमतीपत्रावर सही घेण्याच्या दिवशी नव्हे, तर पहिल्याच भेटीत सांगावे.