समुद्री काकडी खरेच औषध आहे का?

सांधेदुखी, अशक्तपणा, अगदी कर्करोगावरही ‘समुद्री काकडी’च्या कॅप्सूल गुणकारी असल्याच्या जाहिराती इंटरनेटवर दिसतात. नावावरून ही एखादी पाणवनस्पती वाटेल. प्रत्यक्षात तो प्राणी आहे, तारामाशाचा नातलग. या गटाला कंटकचर्मी म्हणतात. समुद्राच्या तळाशी तो संथपणे सरकतो आणि गुदद्वारातून पाणी आत घेऊन श्वास घेतो. शत्रूने गाठले तर त्याच्या काही जाती आपली आतडीच बाहेर टाकून निसटतात. पुढे ती आतडी पुन्हा तयार होतात.

अशा प्राण्यात काही औषधी असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर संशोधनही चालू आहे. फ्रॉन्डोसाइड-ए या त्याच्यातील द्रव्याने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची आणि उंदरांमधील गाठींची वाढ रोखल्याचे दिसले आहे. पण उंदरापासून माणसाच्या औषधापर्यंतचा रस्ता लांबचा; बहुतेक द्रव्ये वाटेतच गळतात. जाहिराती मात्र तो रस्ता एका वाक्यात ओलांडतात. शिवाय या प्राण्यातील एक घटक प्रयोगशाळेत रक्त गोठण्याची क्रिया लांबवतो. त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा कॅप्सूलच्या वाटेला जाऊच नये.

या प्राण्याचा निर्विवाद उपयोग समुद्रातच आहे. अनेक जाती तळाची वाळू गिळतात, तिच्यातील कुजके सेंद्रिय कण पचवतात आणि स्वच्छ वाळू मागे टाकतात. त्यातून सुटणारी पोषकद्रव्ये समुद्री गवत आणि शेवाळाला मिळतात. शेतात गांडूळ करते, तेच हे काम.

चीन आणि आग्नेय आशियात वाळवलेल्या समुद्री काकडीला मोठा भाव येतो. त्यापायी मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात ती बेसुमार पकडली गेली. पळण्यात ती मंद, म्हणून हाती सहज लागते. तिची अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडल्या जातात. जवळपास पुरेसे प्राणीच उरले नाहीत, तर त्यांची गाठ पडत नाही आणि घटलेली संख्या लवकर सावरत नाही. म्हणूनच 2001 मध्ये भारताने तिला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. तिची शिकार आणि व्यापार हा गुन्हा आहे. 2020 मध्ये लक्षद्वीपने तिच्यासाठी खास राखीव क्षेत्रही जाहीर केले. तरीही तस्करी थांबलेली नाही.

बंदीमुळे रोजगार गेल्याची तमिळनाडूच्या मच्छीमारांची तक्रार खोटी नाही. पण बंदी उठवली तर काही वर्षांत पकडायलाच काही उरणार नाही. तुतिकोरिनला 1988 मध्येच तिची पिल्ले कृत्रिमरीत्या तयार करण्यात आली होती. ते काम वाढवून, मच्छीमारांना त्यात घेऊन, पिल्ले समुद्रात सोडणे हा अधिक शहाणा मार्ग आहे.

आपल्यापुरते सांगायचे तर, गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांना दाखवावे. समुद्राचा तळ साफ ठेवणाऱ्या या प्राण्याला त्याच्या जागी राहू द्यावे.