राहू द्या, मी करतो!

आपल्याकडे कोणी साठी ओलांडली की दोन वाक्ये त्याच्या कानावर वरचेवर पडू लागतात. एक म्हणजे "आता आराम करा" आणि दुसरे "राहू द्या, मी करतो". दोन्ही अगदी प्रेमापोटी म्हटलेली असतात. बँकेत मुलगा जातो, वाणसामानाची यादी सून करते, विजेचे बिल नात मोबाइलवरून दोन मिनिटांत भरून टाकते, गावाला जायचे तिकीट जावई काढतो. आजी-आजोबांना कसला म्हणून ताप नाही. मग वर्षा-दोन वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात येते की आजोबा हल्ली फार विसरतात. त्यावर उपाय म्हणून त्यांना सुडोकूचे पुस्तक आणून दिले जाते!

डोक्याला चालना देणारी खरी कामे काढून घ्यायची आणि त्यांच्या जागी लुटुपुटूची कामे द्यायची हा सौदा मला तरी तोट्याचा वाटतो.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण इतकी सहज वापरतो की ती खरी आहे का हे कोणी तपासत नाही. भारतातील ज्येष्ठांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे. आकडा लहान नाही, कारण त्याचा अर्थ जवळजवळ ८८ लाख माणसे असा होतो. पण शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांना तो नाही हेही त्याच आकड्यातून दिसते. त्यांची गती थोडी मंदावते, नाव आठवायला वेळ लागतो, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही. पण बुद्धी काही नाठी होत नाही.

आता कोड्यांविषयी. कोडी वाईट असे मुळीच नाही. सकाळच्या चहाबरोबर शब्दकोडे सोडवण्यात जी मजा आहे ती आहेच. पण त्यांच्याकडून आपण भलत्याच अपेक्षा ठेवतो. अमेरिकेत पासष्ट आणि त्यापुढच्या वयाच्या २,८३२ लोकांवर 'अ‍ॅक्टिव्ह' नावाचा एक प्रयोग झाला. त्याचे पहिले निष्कर्ष २००२ साली आले. काही जणांना स्मरणशक्तीचा, काहींना तर्काचा, तर काहींना झटपट टिपण्याचा सराव दिला होता. ज्याला ज्याचा सराव दिला तो त्यात सुधारला, पण तर्काचा सराव केला म्हणून स्मरणशक्ती सुधारली असे झाले नाही. पुढे २०१४ साली दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष आले. त्यात तर्काचा आणि वेगाचा फायदा काही प्रमाणात टिकलेला दिसला, स्मरणशक्तीचा मात्र नाही. थोडक्यात, शब्दकोडी सोडवणारा शब्दकोड्यांत पटाईत होतो. तेवढ्याने गोळ्यांच्या वेळा लक्षात राहतीलच असे नाही. मेंदू तल्लख करण्याचे खेळ विकणाऱ्या 'लुमोसिटी' या कंपनीला पुराव्याशिवाय मोठमोठे दावे केल्याच्या आरोपावरून २०१६ साली अमेरिकेतील सरकारी यंत्रणेशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले, तेही याच कारणाने.

मग उपयोग कशाचा होतो? २०१४ सालीच प्रसिद्ध झालेला डेनिस पार्क यांचा एक प्रयोग मला फार आवडला. त्यांनी साठ ते नव्वद वयाच्या काही जणांना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीसारखे क्विल्ट शिवायला शिकवले. दुसऱ्या एका गटाने नुसत्या गप्पा आणि सहली केल्या, तर आणखी एका गटाने घरबसल्या सोपी, सवयीची कामे केली. स्मरणशक्तीत फरक पडला तो प्रामुख्याने नवीन आणि अवघड काही शिकणाऱ्यांच्या. म्हणजे गोष्ट नवी हवी, थोडी डोक्याला ताण देणारी हवी आणि नेटाने करायला हवी.

यात माझ्याकडून मी एक भर घालेन. त्या कामाची कोणीतरी वाट पाहत असायला हवी. सुडोकू अर्धा सोडला तर कोणाचे काही अडत नाही. पण सोसायटीचा हिशोब अपुरा राहिला, भिशीचे पैसे कोणाला द्यायचे ते विसरले, नातवाच्या गणिताचा पेपर उद्या आहे, तर अडते. अडणार आहे हे माहीत असले की डोके आपोआप जागे राहते. हे काही कुठल्या प्रयोगात सिद्ध झालेले नाही, माझे आपले निरीक्षण आहे.

आपल्याकडे याचे मोठे उदाहरण म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते, म्हणजे आपल्या हिशोबाने निवृत्तीच्या वयाचे. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ पासून, ते परदेश दौऱ्यांवर गेले. १९३६ साली खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले तेव्हा वय होते अठ्ठ्याहत्तर आणि १९४४ साली समता संघ स्थापन केला तेव्हा शहाऐंशी! १९६२ साली ते गेले तेव्हा एकशे चार वर्षांचे होते. अर्थात सगळेच कर्वे नसतात आणि इतक्या दीर्घायुष्यात प्रकृतीचा व नशिबाचाही वाटा असतोच. पण "अण्णा, राहू द्या" असे ऐकून ते स्वस्थ बसले नाहीत, एवढे तरी आपण घ्यावे.

शरीराकडेही लक्ष हवे. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाशी संबंधित अशा चौदा गोष्टी सांगितल्या, ज्यांच्यावर उपाय करता येतो. त्यात रक्तदाब आणि मधुमेह आहेत, तसेच एकटेपणा आणि कमी ऐकू येणेही आहे. चष्मा आपण चाळिशीत बिनतक्रार लावतो, पण कानाचे यंत्र म्हटले की कमीपणा वाटतो. ऐकू येईनासे झाले की माणूस हळूहळू गप्पांतून उठतो, मग घरातल्या निर्णयांतून. त्याला कोणी काही विचारतही नाही, कारण दोनदा ओरडून सांगायचा कंटाळा येतो.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवे. आयुष्यभर डोके वापरलेल्यांनाही हा आजार होतो आणि त्यात त्यांचा दोष नसतो. रोजचा रस्ता चुकू लागला, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा येऊ लागला, तर 'वय झाले' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. कधी बी-१२ची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्यही कारण असते आणि त्यावर उपचार आहेत. आजार असेल तर "राहू द्या, मी करतो" म्हणायलाच हवे. माझी तक्रार आहे ती धडधाकट माणसांनाही ते म्हटले जाते याची.

दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीने देता येतो आणि आता घरबसल्या मोबाइलवरूनही होतो. पण बऱ्याच घरांत "बाबा, फोन द्या इकडे" म्हणून मुलगाच सगळे करतो आणि बाबा फक्त चेहरा दाखवतात. आपण हयात आहोत हे सांगण्याचे कामही दुसऱ्याने करायचे! त्यापेक्षा या वेळी मुलाने शेजारी बसावे, हात मागे ठेवावे आणि बाबांनाच करू द्यावे. फसवणुकीची भीती खरी आहे, ती मला मान्य आहे. त्यासाठी थोडेच पैसे असलेले वेगळे खाते मोबाइलला जोडावे आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे पक्के करून घ्यावे. ज्येष्ठांनीही "आता या वयात काय करायचंय शिकून" हे पालुपद सोडायला हवे. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, पुढच्या वर्षी पंधरा मिनिटे, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते शेजारच्या काकांनाही शिकवतील.