प्रतिभेचा जमाखर्च

बुद्धिबळ न येणाऱ्या माणसाला डाव पाहताना, दोघेजण तासन्‌तास मान खाली घालून बसले आहेत, एवढेच दिसते. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही सात भागांची मालिका, घोडा कसा चालतो हेही ठाऊक नसलेल्या असंख्य लोकांनी श्वास रोखून पाहिली. याचे श्रेय बहुधा अन्या टेलर-जॉय या अभिनेत्रीच्या डोळ्यांना दिले जाते, आणि ते काही अंशी रास्तही आहे. दिग्दर्शक स्कॉट फ्रँक यांनी पटापेक्षा चेहऱ्यांवर भर दिला. डाव मात्र कास्पारोव्ह व पंडोल्फिनी यांच्या सल्ल्याने बसवले. त्यामुळे नवख्याला कंटाळा येत नाही आणि जाणकाराला हसू येत नाही. परंतु माझ्या मते मालिकेचे खरे बळ अन्यत्र आहे. एका असामान्य बुद्धीला पटापर्यंत पोचवण्यासाठी कोणी किती झीज सोसली, याचा हिशेब ती लपवीत नाही.

केंटकीतील अनाथाश्रमात मुलांना शांत ठेवण्यासाठी गुंगीच्या गोळ्या दिल्या जातात. तेथील सफाई कामगार शायबेल तळघरात एकटाच पट मांडून बसतो. नऊ वर्षांची बेथ हार्मन त्याच्याकडून खेळ शिकते. पुढे राज्यस्पर्धेच्या प्रवेशशुल्कासाठी ती त्याला पत्र लिहून पाच डॉलर मागते आणि दहा परत करण्याचे वचन देते. पाच डॉलर येतात. दहा कधीच जात नाहीत. शायबेलच्या मृत्यूनंतर ती त्या तळघरात उतरते, तेव्हा भिंतीवर तिच्या यशाची कात्रणे लावलेली असतात. अर्थशास्त्राच्या आमच्या पाठ्यपुस्तकांत अशा पाच डॉलरांसाठी रकाना नाही. दत्तक आई बक्षिसांची रक्कम पाहून दहा टक्के मागते आणि मुलगी आपण होऊन पंधरा देऊ करते. हा प्रसंग मायेचा की व्यवहाराचा? नवऱ्याने टाकलेल्या त्या बाईला दुसरा रोजगार तरी कोणता होता?

मॉस्कोच्या प्रवासखर्चाची कथा तर अधिकच बोलकी आहे. एक ख्रिस्ती संघटना पैसे देते, पण मोबदल्यात साम्यवादाविरुद्ध निवेदन मागते. बेथ नकार देऊन पैसे परत करते. मग तिला पाठवते ती अनाथाश्रमातील कृष्णवर्णीय मैत्रीण जोलीन, वकिलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पुंजीतून. सोव्हिएत खेळाडू स्थगित डावांचा अभ्यास एकत्र बसून करतात आणि आपण अमेरिकन एकेकटे झुरतो, हे एका अमेरिकन खेळाडूच्याच तोंडी घातले आहे. शेवटचा डाव स्थगित होतो तेव्हा मायदेशातील मित्र रात्रभर डोके लढवून तिला दूरध्वनीवर चाली सुचवतात. बोर्गोव्ह अनपेक्षित खेळी करतो आणि तेथून पुढे तिला एकटीनेच विचार करावा लागतो, हेही दिग्दर्शक विसरत नाही. सोव्हिएत व्यवस्थेचे पोवाडे गाण्याचे अर्थात कारण नाही. कोर्चनॉय यांनी १९७६ साली तो देश सोडला, तो उगाच नव्हे.

मात्र एका ठिकाणी या मालिकेने अक्षम्य लबाडी केली आहे. शेवटच्या भागात नोना गाप्रिंदाश्विली या जगज्जेतीचा उल्लेख करून, त्या पुरुषांशी कधी खेळल्याच नाहीत, असे सांगितले जाते. वस्तुतः कथेतील १९६८ सालापर्यंत त्यांनी डझनांनी पुरुषांशी डाव मांडले होते. वॉल्टर टेव्हिस यांच्या १९८३ च्या मूळ कादंबरीत ही गोष्ट बरोबर दिलेली आहे, म्हणजे ती अजाणता निसटलेली नाही. बेथ एकमेवाद्वितीय ठरावी म्हणून एका खऱ्या स्त्रीच्या श्रमांवर काट मारली गेली. पुरुषांच्या पटावर बसण्याची किंमत काय असते, हे आपल्याकडेही दिसले आहे. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढे वादळ उठले! स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना द्यावा लागला.

गाप्रिंदाश्विली यांनी २०२१ मध्ये अमेरिकेत बदनामीचा दावा लावला. कल्पित कथा असल्याने दावा चालू शकत नाही, हा नेटफ्लिक्सचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. २०२२ च्या सप्टेंबरात तडजोड झाली. त्या तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या.