दुसऱ्याच्या दावणीचा क्लब

जानेवारी उजाडला की युरोपातील फुटबॉल-रसिकांच्या वर्तुळात बाजाराचे दिवस सुरू होतात. हंगाम अर्ध्यावर आलेला असतो, संघाची दुखणी सर्वांच्या ध्यानात आलेली असतात आणि खेळाडूंच्या देवघेवीची मुदत महिनाभर खुली असते. आघाडीला कोण हवा, बचावफळीत कोणाची भर घालावी, कोणाला विकले म्हणजे किती रक्कम मोकळी होईल, यावर गुत्त्यांत, आगगाडीत, स्टेडियमच्या पायऱ्यांवर हिरिरीने वाद झडतात. वरवर पाहता हा लोकशाहीचाच एक आविष्कार वाटतो. सामान्य प्रेक्षक आपल्या क्लबच्या धोरणाची चिकित्सा करतो आहे, यात वावगे ते काय? वावगे इतकेच की, ज्या धोरणाची तो चिकित्सा करतो ते ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती नाही. आणि तो कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्या चर्चेत बहुधा निघतच नाही.

लंडनच्या चेल्सी क्लबचे उदाहरण घ्यावे. २०२२ साली टॉड बोहली आणि क्लीअरलेक कॅपिटल ही अमेरिकी गुंतवणूक कंपनी यांच्या गटाने हा क्लब विकत घेतला. २०२३ च्या जानेवारीत या मालकांनी एन्झो फर्नांडेझ याच्यासाठी पोर्तुगालच्या बेनफिका क्लबला दहा कोटी पौंडांहून अधिक मोजले, आणि मिखाइलो मुद्रिक याच्याशी तर साडेआठ वर्षांचा करार केला. मुदत लांबवली की खरेदीची किंमत हिशेबात अधिक वर्षांवर विभागली जाते आणि दरसालचा बोजा हलका दिसतो, ही त्यातील मेख. युरोपीय फुटबॉल संघटनेने त्याच वर्षी नव्या करारांसाठी ही विभागणी पाच वर्षांवर आणून ठेवली. एवढ्या उलाढालीनंतर चेल्सीचा संघ त्या हंगामात बाराव्या क्रमांकावर राहिला! पुढे क्लबच्याच तालमीत घडलेले मेसन माउंट (२०२३) आणि कॉनर गॅलॅहर (२०२४) हे दोघेही विकले गेले. घरी वाढलेल्या खेळाडूची खरेदी-किंमत वहीत शून्य असते. त्यामुळे त्याची विक्री म्हणजे सगळा नफाच. ज्या पोराला प्रेक्षक ‘आपला’ म्हणतात, तोच हिशेबनिसाच्या दृष्टीने विकण्यास सर्वांत सोयीचा माल ठरतो. आणि खेदाची गोष्ट ही की, कित्येक प्रेक्षकही आता हीच भाषा बोलू लागले आहेत. दंडावर क्लबचे चिन्ह गोंदवून घेतलेला कामगार पुनर्विक्रीच्या किमतीची चिंता वाहतो. ज्या पेढीत त्याचा एक पैचाही भाग नाही, त्या पेढीची दलाली तो फुकटात करतो.

हे लंडनपुरते राहिले असते तर ज्याचे त्याला लखलाभ म्हणता आले असते. परंतु याच मालकांच्या ‘ब्लूको’ कंपनीने २०२३ च्या जूनमध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर्गचा रेसिंग क्लबही जवळजवळ पूर्णपणे विकत घेतला. हा क्लब १९०६ चा. १९७९ साली त्याने फ्रान्सचे अजिंक्यपद मिळविले. २०११ साली तो दिवाळखोरीत निघाला आणि एकदम पाचव्या श्रेणीत जाऊन पडला. त्या पडत्या काळात गुंतवणूकदार कोठे होते? गावोगावच्या लहान मैदानांवर संघामागे गेले ते अल्सास प्रांतातील सामान्य लोक. माजी खेळाडू मार्क केलर आणि स्थानिक भागधारकांनी डोलारा सावरला. २०१७ साली संघ अव्वल श्रेणीत परतला, २०१९ साली त्याने लीग कप जिंकला. झाड असे पुन्हा फळाला आल्यावर खरेदीदार दारात उभा राहिला. ज्या मेनो स्टेडियमवर हा संघ खेळतो ते सार्वजनिक मालकीचे आहे, आणि त्याच्या नूतनीकरणाचा मोठा खर्चही स्थानिक व प्रादेशिक संस्थांच्या तिजोऱ्यांतून झाला आहे. म्हणजे दगडविटा करदात्यांच्या, गळा प्रेक्षकांचा आणि विक्रीची पावती मात्र ब्लूकोच्या खिशात.

येथील प्रेक्षक-संघटनांनी मात्र बाजारगप्पांत रमण्याचे नाकारले. सामन्याची पहिली पंधरा मिनिटे मौन पाळून त्यांनी निषेध नोंदविला. ज्या गॅलरीच्या गर्जनेवर क्लबने नाव मिळविले, तीच गॅलरी मूक झाली. यावरून स्ट्रासबूर्गच्या रसिकांत उभी फूट पडली. विरोधी पक्षाचे म्हणणे खोडून काढण्याइतके पोकळ नाही. २०२४–२५ च्या हंगामात संघ सातवा आला, युरोपीय स्पर्धेला पात्र ठरला. इतके तरुण आणि गुणी खेळाडू या गावाने एकत्र कधी पाहिले होते? पैसा आला, संघ सुधारला. मग रडायचे कशासाठी?

याचे उत्तर बाजाराच्याच नोंदींत आहे. २०२४ साली हंगामाच्या मध्यावर चेल्सीने आपला आंद्रे सांतोस हा ब्राझिलियन तरुण स्ट्रासबूर्गला उसना दिला. पुढच्या हंगामात तो संघाचा कणा झाला. २०२५ मध्ये तो चेल्सीला परत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात स्ट्रासबूर्गचा कर्णधार इमॅन्युएल एमेगा पुढील हंगामापासून चेल्सीचा होणार, हे जाहीर झाले. हंगाम तर नुकता सुरू झाला होता. आणि २०२६ च्या जानेवारीत चेल्सीची प्रशिक्षकाची जागा रिकामी होताच स्ट्रासबूर्गचे प्रशिक्षक लियम रोझेनियर यांना ऐन हंगामात तिकडे नेण्यात आले. गुणवत्ता आली हे खरे. पण कोण किती दिवस राहणार, हे लंडनच्या गरजेवर ठरते. रोपवाटिकेत रोपे उत्तमच असतात. त्यांच्या सावलीत बसण्याचा हट्ट धरू नये, एवढेच.

येथे प्रेक्षकांचीही एक चूक सांगितली पाहिजे. एमेगाला उद्देशून त्यांनी फलक फडकविला, त्यात त्याला मालकांचे प्यादे म्हणून हिणविले आणि कर्णधाराची पट्टी परत मागितली. हा रोख चुकीच्या माणसावर होता. खेळाडू हाही श्रम विकणारा आहे. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत त्याच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. करार संपला तरी क्लब त्याला अडकवून ठेवीत असे. ती पद्धत १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने अन्याय्य ठरविली, आणि १९९५ साली बेल्जियमच्या बोस्मनने युरोपीय न्यायालयातून करार संपल्यावर मुक्तपणे जाण्याचा हक्क मिळविला. बेड्या तुटल्या त्या खेळाडूंच्या लढ्याने. जो लढा मालकाशी द्यायचा, तो खेळाडूशी दिला की मालकाचेच फावते. त्या वेळी अध्यक्ष केलर यांना खेळाडूची कड घेऊन प्रेक्षकांनाच दटावता आले, ते याच चुकीमुळे.

जर्मनीत गोष्ट निराळी आहे, कारण तेथे क्लबच्या सभासदांकडे बहुमत असावे असा नियम अजून बऱ्याच अंशी टिकून आहे. लीगच्या प्रक्षेपण-उत्पन्नाचा काही हिस्सा वीस वर्षांसाठी बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचा घाट २०२३ च्या अखेरीस घातला गेला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबविले. २०२४ च्या फेब्रुवारीत लीगला तो बेत गुंडाळावा लागला. हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली क्लबाने तर आपले स्टेडियम सहकारी संस्थेच्या हाती देण्यासाठी ८५० युरोंचा एकेक भाग सामान्य समर्थकांना विकला, आणि हजारोंनी तो घेतला. सहकाराचे गुणदोष महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. तरीही सभासदाला सभेत उठून जाब विचारता येतो, ही सोय ब्लूकोच्या दप्तरात नाही.

आणि हे सारे परमुलखातले आहे, अशा भ्रमात मुंबईकरांनीही राहू नये. २०१९ साली मुंबई सिटी क्लबचे ६५ टक्के भाग मँचेस्टर सिटीच्या मालक-समूहाने घेतले. मुंबईने त्या काळात अजिंक्यपदेही पटकावली. २०२५ मध्ये भारतीय लीगचे व्यापारी करार अडले, हंगामच अधांतरी लोंबकळला, आणि वर्षअखेरीस तो समूह बाजूला झाला. तो आला तेव्हा मुंबईच्या प्रेक्षकाला कोणी विचारले नव्हते. गेला तेव्हाही विचारले नाही.