बुलढाण्यात तीन दिवसांत टक्कल: केस परत येऊ लागले, पण आत्मविश्वासाचं काय?

डोकं खाजायला लागायचं, दुसऱ्या दिवशी केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. डिसेंबर 2024 पासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात हे सुरू झालं. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून रुग्ण समोर येत गेले आणि आकडा 279 वर पोहोचला. त्यात लहान मुलं होती, कॉलेजच्या मुली होत्या आणि म्हातारी माणसंही.

आजारापेक्षा नाव जास्त पसरलं

कारण कळण्याआधीच सोशल मीडियाने 'टक्कल व्हायरस' असं बारसं करून टाकलं. व्हायरस म्हटलं की तो लागण्याची भीती आलीच. मुलामुलींनी कॉलेजला जाणं बंद केलं, ठरलेली लग्नं अडल्याच्या बातम्या आल्या. अनेकांनी लाजेपोटी उरलेले केसही काढून टाकले.

मग कारण काय निघालं?

आधी पाण्यावर संशय गेला, बुरशीचीही शक्यता तपासली गेली. आयसीएमआरचं पथक गावात येऊन नमुने घेऊन गेलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र तपासणी केली. त्यांच्या अहवालानुसार रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम प्रचंड वाढलेलं होतं, तर झिंक कमी होतं. त्यांनी बोट ठेवलं ते पंजाब-हरियाणातून रेशनवर आलेल्या गव्हावर. स्थानिक गव्हाच्या तुलनेत त्यात सेलेनियम 600 पट असल्याचं त्यांनी सांगितलं.

सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी थोडं. ते जास्त झालं की केस आणि नखं कमकुवत होतात, कारण दोन्ही केराटिन या एकाच प्रथिनाची बनलेली असतात. एप्रिल 2025 मध्ये याच भागात नखं गळण्याच्या तक्रारी आल्या. चीनमधल्या एन्शी भागात 1960 च्या दशकात असंच घडलं होतं. तिथेही सेलेनियम अन्नातूनच शरीरात गेलं होतं.

म्हणजे हा संसर्ग नव्हता. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो कोणाला लागणारच नव्हता.

केस परत येतात का?

ते कारणावर ठरतं. सेलेनियमच्या विषबाधेत केसाचं मूळ सहसा शाबूत राहतं. शेगावातही अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले. 'चाई' पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. किडा केस खातो, हा गैरसमज आहे. चाईतही केस बऱ्याचदा परत येतात, पण नेहमीच नाही. आनुवंशिक टक्कल हळूहळू पडतं आणि औषधांनी काही प्रमाणात रोखता येतं. म्हणून तेल-शाम्पूच्या जाहिरातीआधी त्वचारोगतज्ज्ञ गाठणं महत्त्वाचं.

आणि आत्मविश्वास?

अमेरिकेच्या खासदार अयाना प्रेस्ली यांनी जानेवारी 2020 मध्ये आपलं पूर्ण टक्कल कॅमेऱ्यासमोर दाखवलं आणि चाईबद्दल उघडपणे बोलल्या. आपल्याकडे टकलावर 2019 मध्ये 'बाला' आणि 'उजडा चमन' हे सिनेमे आले, पण दोन्हींत नायक पुरुष होता. मुलीचं टक्कल आजही घरात लपवलं जातं.

लपवण्याची गरज का पडते, हे शेगावने दाखवलं. तिथल्या लोकांनी केलं काय होतं, तर रेशनचा गहू खाल्ला होता. तरी तोंड लपवायची वेळ त्यांच्यावरच आली. 'धीर धर' हा सल्ला त्यांना पुरणारा नव्हता. 'यात तुझा दोष नाही आणि हे कोणाला लागत नाही' हे गावाने, कॉलेजने आणि होणाऱ्या सासरने पहिल्याच आठवड्यात म्हणायला हवं होतं. पुढच्या वेळी असा एखादा फोटो फॉरवर्ड करण्याआधी एवढं आठवलं, तरी कोणाचं तरी कॉलेज सुटणार नाही.