आरबीडब्ल्यू सांगा, मग बोलू

मंडळी, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आता खिशात मावतो आणि काही हजारांत मिळतो. त्यामुळे हल्ली कोणीही स्क्रीनचा फोटो दाखवतं, "बघ, टॉवरचं रेडिएशन!" माझं स्पष्ट मत: चार शब्द माहीत नसतील तर तो फोटो म्हणजे नुसती रांगोळी.

आमच्या कोळगावात मुंबईचं एफएम खरखरत लागतं, तेच उदाहरण घेऊ. पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. मधला आकडा ९८, ही सेंटर फ्रिक्वेन्सी. एकूण रुंदी २०, हा स्पॅन. स्क्रीनची सगळ्यात वरची रेघ म्हणजे रेफरन्स लेव्हल, डीबीएममध्ये. ० डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. १० ने खाली उतरलात की पॉवरचा दहावा हिस्सा उरतो.

चौथा शब्द आरबीडब्ल्यू, म्हणजे रेझोल्यूशन बँडविड्थ. सोप्या भाषेत, चाळणीचं भोक. ते १ मेगाहर्ट्झ ठेवलं तर मुंबईची ९२.७ आणि ९३.५ ही दोन स्टेशनं मिळून एकच डोंगर दिसतो. १०० किलोहर्ट्झ करा, दोन सुळके वेगळे! शिवाय तळाची खरखर, म्हणजे नॉइज फ्लोअर, १० डीबी खाली जाते आणि तिच्यात बुडालेलं एखादं दुबळं स्टेशन डोकं वर काढतं. हवेत मात्र काहीच बदललेलं नसतं.

थोडक्यात काय, तर आरबीडब्ल्यूशिवाय "सिग्नल आहे" किंवा "नाही" हे अर्धंच वाक्य. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टॉवरवरून जरूर भांडा, पण आधी हा आकडा विचारा. घाबरायचं की नाही, ते नंतर ठरवू.